कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचंय? मग अकरावीचे विषय निवडताना हे बघा

दहावीचा निकाल लागला की घरोघरी एकच विषय निघतो. मामू म्हणतात सायन्स घे, शेजारचे म्हणतात कॉमर्स सोपं पडेल, आणि मुलगी म्हणते, "अब्बू, मला कॉम्प्युटरमध्ये जायचंय." अब्बूंना आनंद होतो, पण कॉम्प्युटरमध्ये जायचं म्हणजे अकरावीला नेमकं काय घ्यायचं, हे घरात कुणालाच ठाऊक नसतं. मग फॉर्म भरायला सायबर कॅफेत जायचं आणि तिथला पोरगा ज्या विषयांवर टिक करेल ते विषय घेऊन यायचं, असं बऱ्याच ठिकाणी होतं.

पुढे दोन वर्षांनी कळतं की गणित घेतलेलंच नाही, त्यामुळे इंजिनिअरिंगचा दरवाजा बंद. असे पालक आम्हाला दरवर्षी भेटतात. पोरं हुशार असतात, चूक फक्त त्या एका फॉर्ममध्ये झालेली असते. म्हणून विषयांपासून कागदपत्रांपर्यंत सगळं एका ठिकाणी लिहून देत आहोत. इथली माहिती महाराष्ट्र राज्य मंडळ आणि महाराष्ट्रातल्या प्रवेशांबद्दल आहे. नियमांत दरवर्षी थोडाफार बदल होतो, म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या वर्षाची माहितीपुस्तिका एकदा वाचून घ्यावी.

आधी पात्रता समजून घ्या

बी. ई. किंवा बी. टेक.च्या प्रवेशासाठी बारावीला फिजिक्स आणि गणित हे दोन विषय हवेतच. तिसरा विषय केमिस्ट्री, कॉम्प्युटर सायन्स, बायोलॉजी अशा ठरवून दिलेल्या यादीतला चालतो. या तीन विषयांत मिळून किमान ४५ टक्के गुण लागतात. महाराष्ट्रातल्या मागास प्रवर्गाच्या उमेदवारांना ४० टक्के पुरतात.

इथे एक हिशेब लक्षात ठेवा. तीन विषयांचे मिळून ३०० गुण, त्याचे ४५ टक्के म्हणजे १३५. प्रत्येक विषयात काठावरचे ३५ मिळाले तर बेरीज होते १०५. म्हणजे बारावी पास, पण इंजिनिअरिंगसाठी अपात्र. "सीईटीवरच प्रवेश आहे, बोर्डाचं काय एवढं" असं म्हणणारी मुलं इथेच अडकतात.

कागदावर केमिस्ट्रीऐवजी दुसरा विषय चालत असला तरी केमिस्ट्री सोडू नका. राज्याची एमएचटी-सीईटी फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित या तिन्हींवर होते. जेईई मेनचंही तसंच. म्हणून पीसीएम, म्हणजे फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, हा पाया पक्का धरा. बाकीचे विषय त्यानंतर.

गणिताला घाबरून चालणार नाही

एमएचटी-सीईटी एकूण २०० गुणांची. फिजिक्सचे ५० प्रश्न आणि केमिस्ट्रीचे ५० प्रश्न, प्रत्येकी एक गुण, दोन्हींना मिळून ९० मिनिटं. गणिताचे ५० प्रश्न, प्रत्येकी दोन गुण, वेळ ९० मिनिटं. म्हणजे अर्धी परीक्षा एकट्या गणिताची. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. साधारण २० टक्के भाग अकरावीचा आणि ८० टक्के बारावीचा असतो.

सीईटी संपली म्हणून गणित संपत नाही. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचं काम गणितावरच उभं आहे. बारावीच्या पुस्तकात पहिलाच धडा तर्कशास्त्राचा आहे: "आणि", "किंवा", "जर, तर". प्रोग्राम लिहिताना कॉम्प्युटरला जी अट घालतात ती हीच. मॅट्रिक्स शिकताना मुलं विचारतात, याचा उपयोग काय? मोबाइलमधला फोटो म्हणजे आकड्यांचा एक मोठा तक्ताच असतो आणि त्यावरची प्रक्रिया मॅट्रिक्सनेच होते. अकरावीतले संच, क्रमचय आणि संचय पुढे इंजिनिअरिंगच्या डिस्क्रीट मॅथेमॅटिक्समध्ये परत भेटतात. प्रॉबॅबिलिटी आणि डेरिव्हेटिव्ह नसतील तर आज ज्या एआयची सगळीकडे चर्चा आहे ते समजणार नाही.

फिजिक्सचंही तसंच. बारावीच्या सेमीकंडक्टरच्या धड्यात लॉजिक गेट येतात. कॉम्प्युटरच्या आत जे अब्जावधी छोटे स्विच काम करतात त्यांची ही ओळख आहे.

म्हणून दहावीत गणितात किती गुण मिळाले यापेक्षा ते कसे मिळाले हे बघा. उदाहरणं पाठ करून ९० आणलेत की समजून ७० आणलेत? समजून ७० आणणारं मूल सायन्समध्ये टिकतं. निकाल लागल्यापासून कॉलेज सुरू होईपर्यंतच्या सुट्टीत बीजगणित, त्रिकोणमिती आणि आलेख एवढंच घासून घेतलं तरी अकरावीचे पहिले तीन महिने सोपे जातात.

बायफोकल कॉम्प्युटर सायन्स घ्यावं का?

हा प्रश्न आम्हाला सर्वांत जास्त विचारला जातो. सायन्सच्या काही ज्युनिअर कॉलेजांत कॉम्प्युटर सायन्स हा २०० गुणांचा बायफोकल विषय असतो. तो घेतला की दुसरी भाषा आणि बायोलॉजीसारखा एक ऐच्छिक विषय सुटतो. त्यात सी प्लस प्लस, डेटा स्ट्रक्चर, ऑपरेटिंग सिस्टिम, वेब पेज बनवणं, मायक्रोप्रोसेसर आणि नेटवर्किंग शिकवतात.

फायदे असे. प्रोग्रामिंगची ओळख दोन वर्षं आधी होते. प्रात्यक्षिकाला चांगले गुण असल्यामुळे टक्केवारीही सुधारते. आणि सर्वांत महत्त्वाचं, मुलाला हे काम खरंच आवडतं का ते वेळीच कळतं.

तोटे असे. या विषयाची फी वेगळी पडते आणि जागा थोड्या असतात. दुसरी भाषा सुटते, म्हणजे मराठी, उर्दू किंवा अरबी जी काही घेतली असती ती गेली. बायोलॉजी सुटल्यामुळे मेडिकल आणि फार्मसीकडच्या काही वाटा अरुंद होतात.

आमचं मत विचाराल तर पोरगं कॉम्प्युटरबद्दल ठाम असेल, जवळच्या कॉलेजात लॅब चालू असेल आणि शिकवणारे सर नियमित येत असतील, तर बायफोकल जरूर घ्या. प्रवेशाआधी कॉलेजात जाऊन लॅब डोळ्यांनी बघा. मशीन झाकून ठेवलेल्या लॅबसाठी जादा फी भरण्यात अर्थ नाही. आणि बायफोकल मिळालं नाही तर निराश होऊ नका. सीईटीत कॉम्प्युटर सायन्सचा एकही प्रश्न नसतो. इंजिनिअरिंग कॉलेजातही प्रोग्रामिंग पहिल्यापासून शिकवतात.

दुसरा मार्ग आयटी विषयाचा. इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी हा १०० गुणांचा विषय दुसऱ्या भाषेच्या जागी घेता येतो. वेब डिझाइन आणि जावास्क्रिप्टची त्यात ओळख होते. बायोलॉजी न सोडताही तो घेता येतो, हा त्याचा फायदा.

"आधी दोन्ही ग्रुप घेऊ, मग बघू"

फिजिक्स, केमिस्ट्रीबरोबर गणित आणि बायोलॉजी दोन्ही घेतले की डॉक्टर आणि इंजिनिअर दोन्ही दरवाजे उघडे राहतात. मूल खरोखरच ठरवू शकत नसेल तर हे ठीक. पण दोन्ही प्रवेश परीक्षांची तयारी एकाच वेळी करणं जड जातं. निदान अकरावी संपेपर्यंत निर्णय व्हायला हवा.

उलट गणित सोडून फक्त बायोलॉजी ठेवलं, तर परतीची वाट कठीण आहे. बारावीनंतर गणित हा तुरळक विषय म्हणून बोर्डाला बसून पूर्ण करता येतो, पण त्यात वर्ष जातं आणि मुलाची हिंमतही जाते. म्हणून शंका असेल तर गणित ठेवा. मुलींच्या बाबतीत तर "गणित कशाला, बायोलॉजी घे, सोपं आहे" असा सल्ला सहज दिला जातो. तो ऐकण्याआधी तिला काय करायचंय ते तिलाच विचारा.

उर्दू माध्यमातून आलेल्या मुलांसाठी

मालेगाव, भिवंडी, औरंगाबाद, मुंबई, जिथे जिथे उर्दू शाळा आहेत तिथली मुलं अकरावी सायन्सला आली की पहिला धक्का भाषेचा बसतो. काल "मुसल्लस" आणि "जाविया" शिकत होतो, आज सर "ट्रँगल" आणि "अँगल" म्हणतात. मुलाला येत नसतं असं नाही, त्याला शब्द ओळखू येत नाहीत. मराठी माध्यमाच्या मुलांचंही "समीकरण" आणि "इक्वेशन" यांत तसंच होतं. पहिल्या चाचणीत गुण घसरतात आणि घरचे म्हणतात, "तुझ्याच्याने सायन्स होणार नाही, सोड." आमची कळकळीची विनंती आहे की पहिल्या चाचणीवर असा निकाल देऊ नका.

उपाय साधा आहे. एक वही करा, त्यात रकाने पाडा: उर्दू किंवा मराठी शब्द, इंग्रजी शब्द आणि एका ओळीत अर्थ. रोज दहा शब्द लिहिले तर दोन महिन्यांत सहाशे होतात. सायन्सचं पुस्तक समजायला तेवढे पुष्कळ झाले.

परीक्षेच्या भाषेबद्दलही माहिती असावी. एमएचटी-सीईटीत फिजिक्स आणि केमिस्ट्रीचे प्रश्न इंग्रजीबरोबर मराठी आणि उर्दूतही उपलब्ध असतात. गणिताचा पेपर मात्र फक्त इंग्रजीत. जेईई मेन १३ भाषांत होते, त्यांत मराठी आणि उर्दू दोन्ही आहेत. पण आयआयटीसाठीची जेईई अॅडव्हान्स्ड फक्त इंग्रजी आणि हिंदीत असते. इंजिनिअरिंगची पुस्तकं, प्रोग्रामिंगच्या भाषा, मुलाखती सगळं बहुतेक इंग्रजीतच चालतं. म्हणून आधार म्हणून मातृभाषा ठेवा, पण अकरावीपासून इंग्रजी वाचायची सवय लावा.

डिप्लोमाची वाट कमी नाही

दहावीनंतर थेट पॉलिटेक्निकला तीन वर्षांचा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगचा डिप्लोमा करता येतो. प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, आणि तोही सीईटी न देता, डिप्लोमाच्या गुणांवर.

वर्षांचा हिशेब करा. अकरावी-बारावी दोन वर्षं आणि इंजिनिअरिंग चार वर्षं, एकूण सहा. डिप्लोमा तीन आणि पुढे इंजिनिअरिंग तीन, एकूण सहाच. वेळ सारखाच लागतो. ज्या घरात तीन वर्षांनी एका कमावत्या हाताची गरज पडू शकते, तिथे डिप्लोमा जास्त सुरक्षित, कारण हातात एक पूर्ण शिक्षण असतं. बारावी सायन्सनंतर सीईटी बिघडली तर हाती तसं काही राहत नाही.

पण डिप्लोमा सोपा आहे असं समजून जाऊ नका. पहिल्याच वर्षी गणित आणि इंग्रजी पुस्तकं समोर येतात. थेट दुसऱ्या वर्षाला गेल्यावरही गणित जड जातं, कारण बारावीवाल्यांचा सराव जास्त असतो. चांगल्या कॉलेजात जागा हवी असेल तर डिप्लोमाला उत्तम टक्के लागतात. अकरावीचा फॉर्म आणि डिप्लोमाचा फॉर्म वेगवेगळे असतात. दोन्ही भरून ठेवले तर निवड करायला जागा राहते.

कॉमर्स किंवा आर्ट्स घेतलं असेल तर?

इंजिनिअरिंग नाही, पण कॉम्प्युटरचं क्षेत्र बंद होत नाही. बीसीए करता येतं. त्यासाठी २०२४ पासून राज्याची वेगळी सीईटी सुरू झाली आहे. पुढे एमसीए करायचं तर बारावीला किंवा पदवीला गणित असलेलं बरं, म्हणून कॉमर्सला गेलात तरी गणित सोडू नका. सॉफ्टवेअर कंपन्यांत एमसीए झालेली असंख्य मंडळी इंजिनिअरांच्या शेजारी बसून तेच काम करतात.

क्लास आणि "इंटिग्रेटेड" कॉलेज

कॉलेजात फक्त नाव घालायचं आणि दिवसभर क्लासमध्ये बसायचं, हा प्रकार सगळीकडे वाढला आहे. पैसे भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. प्रात्यक्षिकं खरंच होतात का? हजेरीची जबाबदारी कुणाची? मध्येच सोडलं तर फी परत मिळते का? उत्तर तोंडी देत असतील तर लेखी मागा. एका ओळखीच्या घराने वर्षभराची फी एकरकमी भरली, दोन महिन्यांत मुलाला ते झेपेना, आणि पैसे परत मिळाले नाहीत. लेखी काहीच नव्हतं.

ऐपत नसेल तर क्लास हवाच असं नाही. बोर्डाची पुस्तकं बालभारतीच्या साइटवर मोफत मिळतात. सीईटी याच अभ्यासक्रमावर असते. पाठ्यपुस्तकातलं प्रत्येक उदाहरण स्वतः सोडवलेला मुलगा क्लासच्या नुसत्या नोट्स जमवणाऱ्याच्या पुढे जातो.

फीची चिंता: आधी सवलती बघा

आपल्या अनेक घरांत व्याजाचं कर्ज काढायला मन धजत नाही. म्हणून कर्जाच्या आधी या सवलती तपासून घ्या.

मुलींसाठी: २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून प्रवेश घेणाऱ्या, आर्थिकदृष्ट्या मागास, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असावं. खासगी आणि अभिमत विद्यापीठांना, तसंच मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही. "मुलीच्या इंजिनिअरिंगला एवढा पैसा कुठून आणायचा" म्हणणाऱ्या घरांनी ही ओळ दोनदा वाचावी.

ओबीसी: बागवान, तांबोळी, अत्तार, पिंजारी, मोमीन-अन्सारी अशा अनेक मुस्लिम बिरादऱ्या राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. छप्परबंद विमुक्त जातींत येतात. पण दाखला नसेल तर या सगळ्याचा उपयोग शून्य. जातीचा दाखला, जात पडताळणी आणि नॉन-क्रिमीलेअर, तिन्ही लागतात. पडताळणीला महिने लागतात, म्हणून अकरावीतच अर्ज करा.

ईडब्ल्यूएस: कोणत्याही आरक्षित प्रवर्गात नसाल आणि उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर या प्रमाणपत्रासाठी तहसील कार्यालयात चौकशी करा.

टीएफडब्ल्यूएस: कॉलेजांत प्रत्येक शाखेला ५ टक्के जादा जागा अशा असतात जिथे शिक्षण फी माफ असते. इथेही उत्पन्नाची मर्यादा ८ लाख. गुण मात्र चांगले लागतात.

अल्पसंख्याक शिष्यवृत्ती: महाडीबीटी पोर्टलवर उच्च शिक्षणासाठी राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आहे. अर्ज दरवर्षी वेळेत भरावा लागतो.

अल्पसंख्याक कॉलेजं: भायखळ्याचं साबू सिद्दीक, नवीन पनवेलचं काळसेकर टेक्निकल कॅम्पस, वांद्र्याचं रिझवी, नागपूरचं अंजुमन, मालेगावचं मौलाना मुख्तार अहमद नदवी टेक्निकल कॅम्पस अशा संस्थांत मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी वेगळ्या जागा असतात. ज्युनिअर कॉलेजांतही अल्पसंख्याक कोटा असतो. पण फक्त कोट्यावर अवलंबून राहू नका. व्हीजेटीआय, पुण्याचं सीओईपी अशा कॉलेजांची नावंही पसंतीक्रमात वर लिहा. लिहायला काही लागत नाही.

नावाचं स्पेलिंग आजच बघा

ही गोष्ट लहान वाटते, पण दरवर्षी रडवते. आधारवर "मोहम्मद", दहावीच्या गुणपत्रिकेवर "मोहंमद", शाळेच्या दाखल्यावर फक्त "एमडी". कुठे शेख आधी, कुठे शेवटी. आईचं नाव एका कागदावर माहेरचं, दुसऱ्यावर सासरचं. कागद तपासताना हे सगळं समोर येतं आणि तेव्हा दुरुस्तीला वेळ नसतो. दहावीचा बोर्डाचा फॉर्म भरतानाच आधार, जन्मदाखला आणि शाळेचं रजिस्टर एकमेकांशी जुळवून घ्या. शाळा सोडल्यानंतर रजिस्टरमधली दुरुस्ती फार अवघड होते.

थोडक्यात वेळापत्रक

नववी-दहावी: गणित समजून करा, कागदपत्रांतली नावं जुळवा.

दहावीच्या निकालानंतर: अकरावी आणि डिप्लोमा दोन्ही फॉर्म भरा. ग्रुप निवडताना गणितावर स्वतःच्या डोळ्यांनी टिक बघा.

अकरावी: शब्दांची वही, जात पडताळणीचा अर्ज, अभ्यासाची सवय. अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष नव्हे, सीईटीचा पाचवा हिस्सा इथलाच आहे.

बारावी: बोर्ड आणि सीईटी एकत्र धरा. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल आणि नॉन-क्रिमीलेअर निकालाआधी हातात असू द्या.

शेवटी एकच सांगतो. फॉर्म मुलाने किंवा मुलीने स्वतः भरावा, आणि अम्मी-अब्बूंनी शेजारी बसावं. इंग्रजी वाचता येत नसेल तरी "बेटा, गणित घेतलंस ना? वाचून दाखव," एवढं विचारता येतं. सबमिटचं बटण दाबण्याआधी तेवढं जरूर विचारा.